एका छपराखाली किती चुली?

पूर ओसरून एकोणीस दिवस झाले होते. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही तीन टेबलं मांडली होती. पहिल्यावर ओळख पटवायची, दुसऱ्यावर सही नाहीतर अंगठा, तिसऱ्यावर पाकीट. मी दुसऱ्या टेबलावर होते. बँकेची शाखा अजून चिखलात होती आणि मोबाइलला दिवसातून जेमतेम दोन तास रेंज यायची. त्यामुळे पूरग्रस्तांच्या मदतीचे पैसे खात्यावर जमा करायचा बेत सोडून रोख वाटायचं ठरलं होतं. कुटुंबामागे ठरावीक रक्कम आणि वर माणशी थोडी भर, असा हिशेब.

हे काम करते म्हटल्यावर लोक पहिल्यांदा दारूचं विचारतात. हातात नोटा पडल्या की संध्याकाळपर्यंत उडवतील, असं त्यांना वाटतं. जागतिक बँकेसाठी डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी 2014 मध्ये वेगवेगळ्या देशांतले 19 अभ्यास तपासले होते. असे पैसे मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असं त्यांना दिसलं नाही. मीही इतक्या वर्षांत वेगळं पाहिलेलं नाही. आम्ही चादरी वाटत असतो आणि समोरच्याला पंपाची मोटर दुरुस्त करायची असते. काय हवंय ते त्याला नेमकं माहीत असतं. मला धास्ती असते ती कोणाला द्यायचं त्या यादीची.

उशिराचीही असते. बांगलादेशात जुलै 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने जमुना नदीकाठच्या कुटुंबांना पुराचा अंदाज येताच, पाणी शिगेला पोचण्याआधी, मोबाइलवर 4,500 टका पाठवले होते. ज्यांना ते मिळाले त्या घरांत दिवसभर उपाशी राहायची वेळ कमी आली, असं नंतरच्या पाहणीत आढळलं. आम्ही एकोणिसाव्या दिवशी टेबलं मांडत होतो.

सकाळ सुरळीत गेली. एका आजोबांचा अंगठा उमटेना. घरातला चिखल उपसून उपसून बोटांची सालं निघाली होती. शाई लावून दाबला की कागदावर नुसता काळा डाग. तीनदा दाबला. शेवटी दोन शेजाऱ्यांच्या सह्या साक्षीला घेतल्या. आजोबा आपल्याच बोटाकडे बघत पुढच्या टेबलाकडे सरकले.

अकराच्या सुमाराला एक बाई समोर आली. हातात टोकन नव्हतं. कडेला एक मुलगी, पदराला धरून दुसरी.

"ताई, माझं नाव बघा ना."

नाव नव्हतं. घर विचारलं, तर नदीकडच्या आळीतलं शेवटचं. ते घर यादीत होतं, सात माणसं, आणि नऊ वाजताच तिचा दीर सही करून पाकीट घेऊन गेला होता.

"ते त्यांचं झालं," ती म्हणाली. "माझी चूल वेगळी आहे. चार वर्षं झाली."

नवरा कामाला म्हणून गेला तो परत आला नव्हता. म्हणजे ती विधवाही नव्हती आणि कुठल्या कागदावर परित्यक्ताही नव्हती. दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं.

त्या आळीची यादी माझ्याच हाताची होती. पुरानंतरच्या आठव्या दिवशी, भुरभुर पावसात, दिवेलागणीला मी त्या दारात उभी होते. आत चिखल म्हणून उंबऱ्याबाहेरूनच विचारलं होतं, "हे घर कोणाचं?" दिराने स्वतःचं नाव सांगितलं. "माणसं किती?" "सात." मी सात लिहिलं आणि पुढच्या दाराला गेले. त्या सातांत ही आणि हिच्या दोन मुली होत्या. तो खोटं बोलला नव्हता. मी विचारलं तेवढंच त्याने सांगितलं होतं.

गावातले एक जाणते गृहस्थ वाटपावर देखरेख करायला आमच्याबरोबर बसले होते. ते हळूच म्हणाले, "आज हिला दिलंत, तर उद्या प्रत्येक घरात दोन चुली दिसतील बघा." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मदत घरटी मिळणार हे कळलं की रातोरात वाटण्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. तीन विटा मांडल्या की चूल झाली.

पण उलट बाजूही मला ठाऊक होती. नेपाळमध्ये 2015 च्या भूकंपानंतर घर बांधायला तीन लाख नेपाळी रुपयांचं अनुदान हप्त्याहप्त्याने दिलं गेलं. तिथे जमिनीचा कागद ज्यांच्या नावावर नव्हता असे अनेक जण अडकून पडले. घर पडलं होतं ते डोळ्यांना दिसत होतं, तरी कागद मागितला गेला.

टेबल सहकाऱ्याकडे सोपवून मी तिच्याबरोबर निघाले. ते गृहस्थही आले.

घराला पुढून एकच दार. मागच्या अंगाला भिंतीला टेकून पत्र्याची पडवी, तीच हिची खोली. कोपऱ्यात चूल होती, पण ती अगदी नवी. माती अजून ओली, कडेवर तिच्या चार बोटांचे ठसे तसेच. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. ही चूल कालची होती हे कोणीही सांगितलं असतं.

"जुनी विरघळली ना पाण्यात," ती म्हणाली.

पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर माझ्या कमरेच्या वर होती. तिच्याखाली सगळं एकजात मातकट. मी रेघेच्या वर बघितलं. चुलीच्या नेमकं वर, पार पत्र्यापर्यंत, भिंत काळीकुट्ट होती. बोट फिरवलं तर बोटाला लागलं ते चिकट, तेलकट काजळ. त्याला वर्षानुवर्षं फोडण्या आणि धूर लागतो. पत्र्याच्या कडेला ती काजळी थरांनी लोंबत होती. पाणी तिथवर पोचलंच नव्हतं.

गृहस्थांनीही बोट फिरवून पाहिलं. धोतराला पुसलं. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

खरी पंचाईत पुढे होती. तिच्या तीन माणसांची भर दिराच्या पाकिटात गेली होती. नियमाने ती परत घ्यायला हवी. पण तिला रात्री त्याच छपराखाली निजायचं होतं. आम्ही त्याच्याकडून पैसे काढून घेऊन निघून गेलो असतो आणि त्याचा राग तिने सोसला असता. मी वरिष्ठांना फोन लावला. दोनदा कटला, तिसऱ्यांदा लागला. वसुली करायची नाही, चूक सर्वेक्षणाची आहे आणि ती माझी आहे, असं लेखी टिपण मी देते म्हटलं. हिशेब तपासणाऱ्यांना काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं. हेच, म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग हो म्हणाले. त्या होकाराचं मोल मला आजही वाटतं.

दुपारी वाटप थांबवलं. आम्ही चौघं दोन-दोनच्या जोड्या करून पुन्हा दारोदार गेलो, या वेळी एकच प्रश्न घेऊन: इथे किती चुली पेटतात? घरात विचारलं, मग दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारलं, आणि भिंती पाहिल्या. अंधार पडेपर्यंत अकरा चुली निघाल्या. माहेरी परतलेली बहीण, मुलांनी वेगळे काढलेले म्हातारा-म्हातारी, मागच्या खोलीतला भाडेकरू, ज्याचा उल्लेख घरमालकाने केलाच नव्हता. एका घरात दोघा भावांनी नवी चूल दाखवली. तिच्यावरची भिंत स्वच्छ पांढरी होती. ते दोघे खाली बघू लागले, आम्हीही फार बोललो नाही.

रात्री तिच्या घरासमोरच कंदिलाच्या उजेडात दुरुस्तीची यादी करायला बसलो. पहिलं नाव नदीकडच्या आळीतलं. कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव लिहिलं, खाली दोन मुली. दिराचं कुटुंब सातावरून चारावर आणलं: तो, जाऊ, मुलगा, सासू.

"सासूबाई त्यांच्यात कशा?" ती दाराशी उभी होती. "त्या सकाळी माझ्याकडे जेवतात."

"आणि रात्री?"

"रात्री त्यांच्याकडे."

फॉर्ममध्ये अर्धा माणूस लिहायची सोय नव्हती. म्हातारी पायरीवर बसून सगळं ऐकत होती. तिलाच विचारलं, आजी, तुम्हाला कुठे लिहू?

तिने बराच वेळ घेतला. आत दिराच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता. मग ती काठी टेकत उठली आणि पडवीच्या बाजूला बोट केलं.

"माझं अंथरूण हिने वर टाकलं होतं," म्हणाली. "म्हणून कोरडं राहिलं."

मी तिचं नाव तिथे लिहिलं.