तारप्याला पाठ दाखवायची नाही

भातं पिकायला लागली की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तारपा, म्हणजे वारली आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, बाहेर निघतो आणि दिवाळीपर्यंत वाजत राहतो. म्हणून वाघबारशीचा, म्हणजे दिवाळीच्या तोंडचा, सुमार साधून नाशिकहून निघाले. त्र्यंबकेश्वर मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळी पडलेली खाचरं दिसायला लागली, वरच्या उतारांवर नागली आणि वरई.

जव्हारजवळच्या एका पाड्यावर ज्यांच्या घरी उतरले, त्यांचे वडील तारपा वाजवतात. संध्याकाळी त्यांनी तो अंगणात आणून जवळून दाखवला. वाळवून कोरलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या, भोकं पाडलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. सगळे सांधे मेणानं बुजवलेले. कुठून हवा निसटतेय का, ते बाबा बोटानं चाचपत होते. जिथे शंका आली तिथलं मेण अंगठ्यानं दाबून बसवलं.

"बाबा, मध्ये श्वास कधी घेता?"

"वाजवतानाच. थांबलो तर नाचणारे थांबतील ना!"

गालांत हवा साठवायची, ती भोपळ्यात सोडता सोडता नाकानं श्वास ओढायचा. सूर तुटत नाही तो यामुळे.

अंधार पडल्यावर पाड्यावरची माणसं जमली. बाया आणि पुरुष एकमेकांच्या कमरेमागून हात गुंफून साखळी करतात. एकाच्या हातात घुंगरांची काठी असते, ती जमिनीवर आपटून तो ताल राखतो. मध्ये बाबा. ते वळतील तशी साखळी वळते, त्यांनी सूर बदलला की पावलं बदलतात. या बदलत्या चालींना इथे चाळे म्हणतात. तोंडी हुकूम कुणीच देत नाही, सगळं कानानं चालतं. एकच नियम मात्र कडक: तारप्याला पाठ दाखवायची नाही.

या नाचाचं सौंदर्य मला त्या नियमात दिसलं. सगळ्यांची तोंडं आत, तारप्याकडे. बाहेरून बघणाऱ्याला दिसतात त्या पाठी. हातवारे नाहीत, चेहऱ्यावरचा अभिनय नाही, एकट्यानं पुढे येऊन चमकायची सोय नाही. म्हातारी आजी आणि शाळकरी पोर एकाच साखळीत, एकाच पावलावर. कणसरीनं, म्हणजे धान्याच्या देवीनं, दिलेलं पीक साऱ्या पाड्याचं, तसा नाचही साऱ्या पाड्याचा.

शहरातल्या महोत्सवांत हाच नाच पाहिला आहे. तिथे प्रेक्षकांना चेहरे दिसावेत म्हणून गोल मोडून अर्धवर्तुळ करतात आणि तारपावाला कडेला उभा राहतो. मला ते मनापासून खटकतं. कपडे, वाद्य, पावलं सगळं तेच, पण ज्याच्याभोवती फिरायचं तोच मधून गेला.

वारली चित्रांत मात्र गोल शाबूत आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी, ज्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, ही चित्रं घराच्या भिंतीवरून कागदावर आणून जगभर पोचवली. गेरूवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांनी काढलेली ती वळत जाणारी माणसांची माळ आपण कप-बशांवरही पाहतो. अंगणात उभं राहिल्यावर कळलं की ती माळ सजावटीसाठी वळवलेली नाही. साखळी खरोखरच तशी फिरते.

जाणार असाल तर ओळखीच्या माणसाबरोबर जा, फोटोआधी विचारा आणि बोलावलं तर साखळीत शिरा. पाऊल चुकलं तर शेजारची बाई कमरेवरच्या हातानं बरोबर तालात ओढून घेते.