डाव्या पायाची शीर

"चक्कर येते म्हणून पोटातल्या शिरेत स्टेंट? दोन्हींचा संबंध काय?" स्टाफरूममध्ये विचारलंत, लग्नांत विचारलंत. म्हणून एकदाच सांगते.

रिपोर्ट नॉर्मल होते, हे तुम्हाला माहीतच आहे. मलाही चार वर्षं तेच ऐकवलं गेलं. पडून राहिले की बरी, उभी राहिले की छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. नागपूरचं ऊन, टेन्शन, लग्नाचं वय. सगळी कारणं ऐकली, आणि खोटं कशाला बोलू, थोडी मानलीही.

मग रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांनी मला भिंतीला टेकवून दहा मिनिटं उभं केलं. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. झोपले असताना ठोके ७६ होते. तिसऱ्या मिनिटाला १०४. समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे एकमेकांत मिसळायला लागले. आई म्हणाली, "अगं, तुझे पाय बघ." बोटं जांभळी पडली होती, डावा पाय जास्त. आठव्या मिनिटाला १२२, रक्तदाब मात्र जागच्या जागी. आई रडायला लागली. मला मात्र हायसं वाटलं. दहा मिनिटांत ठोके ३० किंवा जास्त वाढले आणि दाब पडला नाही, तर त्याला पॉट्स म्हणतात. माझे ४६ने वाढले होते, आणि ते कागदावर लिहिलेलं होतं.

डावाच पाय का, हे त्यांनी सोडलं नाही. डाव्या पायाचं रक्त वर नेणारी शीर पोटात कमरेच्या मणक्यापुढून जाते आणि उजवीकडची धमनी तिला ओलांडते. काहींची शीर त्या दोघांत चेपते. मे आणि थर्नर या दोन डॉक्टरांनी हे १९५७ साली मांडलं, तेव्हा विषय पायातल्या रक्ताच्या गुठळ्यांचा होता. उभं राहिलं की अर्धा लिटरच्या वर रक्त सगळ्यांचंच खाली उतरतं. परतीची वाट अरुंद असेल तर हृदयात कमी भरतं, मग ते धावतं.

माझीही शीर तशीच चेपलेली निघाली. ती उघडी ठेवायला स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, टाकला तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते, शीर सापडली, विषय संपला. आता तसं म्हणवत नाही. अशी चेपलेली शीर धडधाकट माणसांतही सापडते. मला बरं वाटलं ते स्टेंटनं, की त्याच महिन्यात सुरू केलेल्या मीठ-पाण्यानं आणि घट्ट मोज्यांनी? पण डाव्या पायाचा जडपणा गेला, तो नुसत्या मोज्यांनी गेला असं मला वाटत नाही.

मंगळवारी टेकडी गणपतीच्या रांगेत अर्धा तास उभी राहिले. बुधवारी दुपारपर्यंत पडून होते.