तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नातलं उरलेलं आम्ही का घेत नाही

लगीनसराई लागली की मला रात्री फोन येतात. साडेदहा, अकरा, कधी पावणेबारा. "ताई, दीड-दोनशे माणसांचं जेवण उरलंय, गाडी पाठवा." मी नाही म्हणते. मग समोरचा जरा गप्प होतो आणि मग तोच प्रश्न, एवढं अन्न नाल्यात जाईल आणि तुम्ही म्हणे गरिबांसाठी काम करता, मग घ्यायला काय होतं? एका बापूंनी तर सरळ विचारलं, माज आलाय का. यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या सख्ख्या नणंदेनं चार बायकांत विचारलं आणि मी "नियम आहे आमचा" एवढंच म्हणून ताट घेऊन उठले. घरी आल्यावर माझा मलाच राग आला. तर आता एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

आमचा पोळीचा डबा कसा चालतो ते भुसावळात विचारणाऱ्या बहुतेकांना माहीत आहे, घरटी चार पोळ्या, सकाळी साडेदहाच्या आत, साठेक घरं, सायकलवरून गोळा करायच्या आणि बारापर्यंत गरजूंना वाटून मोकळं व्हायचं. बरोबर शेंगदाण्याची चटणी नाहीतर ठेचा, कांदा, गूळ. उन्हाळ्यात पातळ भाजी नाही. बस.

आधी एक सांगते, उरलेल्याला मी नाक मुरडत नाही. रात्रीची कळण्याची भाकरी सकाळी कुस्करून वर तेल-तिखट टाकून खाणारी बाई आहे मी, आमच्या घरात शिळं हा शब्द शिवी नाहीये. आणि दुसरं, आम्ही पूर्वी घ्यायचो. २०१७ ते २०१९, दोन सीझन आणि अर्धा. भाच्याची लोडिंग रिक्षा होती, आम्ही हॉलवाल्यांकडे नंबर देऊन ठेवलेला, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. रात्री बाराला झोपडपट्टीत गाडी शिरली की पोरं पळत यायची, टोपाचं झाकण काढलं की पुलावाचा वास, पोरं ओरडायची. पोळीच्या डब्याला असं कोणी ओरडत नाही. पेपरात फोटो आला, एका कार्यक्रमात शाल-नारळ झालं. त्या वेळच्या मला कोणा बाईनं सांगितलं असतं की बाई थांब, तर मी तिचं ऐकलं नसतं, उलट म्हटलं असतं की तुम्ही नुसत्या बोलता, आम्ही करतो.

२०१९ चा मे. रविवार. दिवसा पारा पंचेचाळीसच्या आसपास, रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नव्हती, भुसावळचा उन्हाळा काय तुम्हाला सांगायचा. फोन आला, संध्याकाळचं लग्न होतं, वरात उशिरा आली, पंगती लांबल्या, जेवणारे कमी पडले. आम्ही सव्वाअकराला पोचलो. मटार पनीर, पुलाव, वरण, बट्ट्या, बासुंदी. आचारी सामान बांधून निघायच्या घाईत, यजमान पाहुण्यांत. वाढपी बादल्यांमधलं उरलेलं टोपात ओतत होते, म्हणजे खाली आधीचं आणि वर नंतरचं, सगळं एकत्र. मी बासुंदीत बोट बुडवून चाखली. गोड होती, वेलदोड्याचा वास. वरण कोमट होतं. कधी शिजवलं हे मी कोणाला विचारलं नाही. मनातही आलं नाही विचारायचं, फुकट मिळतंय त्याला काय विचारायचं.

नेहमीच्या वस्तीत त्या रात्री कोणाच्या तरी घरी मयत झालेली, तिथे गाडी नेणं बरं दिसेना. भाचा म्हणाला गावाबाहेर वीटभट्टीवर माणसं आहेत, तिकडे जाऊ. गेलो. साडेबारा वाजलेले. धुळ्याकडची भिल्ल कुटुंबं, आठ-दहा झोपड्या, सगळे बाहेर अंगणात झोपलेले. सामसूम. मी स्वतः हाका मारून उठवलं. एकेकाला हलवून. बायांनी झोपेतच पोरांना बसवलं, ताटल्या आणल्या, पोरांचे डोळे मिटलेले आणि तोंडात घास. एक पाचेक वर्षांची पोरगी होती, तिच्या ताटलीत मीच बासुंदी दोनदा वाढली कारण पहिली तिने लगेच संपवली. बाकीचं टोपांसकट तिथे ठेवून आलो, सकाळी खातील म्हणून.

सकाळी नऊला भट्टीच्या मुकादमाचा फोन. उलट्या, जुलाब. चौदा जण, त्यातली नऊ पोरं. दोघांनी पहाटे उठून उरलेला पुलाव परत खाल्ला होता, त्यांचं जास्त होतं. सरकारी दवाखान्यात नेलं, खाटा पुरेनात, एका खाटेवर दोन-दोन पोरं आडवी टाकून सलाईन. ती पोरगी तीन दिवस होती. तिची शीर सापडत नव्हती, सिस्टरनी हात सोडून पायाला सुई लावली. मी तो पाय धरून बसले होते, म्हणजे धरायला सांगितलं म्हणून. तळव्याला विटेची लाल माती बसलेली, धुऊन न जाणारी.

डॉक्टरांनी मला एकच विचारलं, जेवण शिजवलं कधी आणि खाल्लं कधी? खाल्लं कधी ते मी सांगितलं. शिजवलं कधी? मी हॉलवाल्याला फोन लावला, त्याने आचाऱ्याचा नंबर दिला, आचारी म्हणाला पनीर-पुलाव चार वाजता तयार होता, बासुंदी सकाळची. म्हणजे बासुंदी पंधरा-सोळा तासांची, आणि शेवटी एवढ्या उकाड्यात, टोपात. मी बावळटासारखी म्हटलं, पण मी गरम करून द्यायला हवं होतं का? डॉक्टर म्हणाले, उकळलं असतं तरी उपयोग नव्हता, जंतू मरतात, त्यांनी करून ठेवलेलं विष काही वेळा तसंच राहतं. भाताचंही तेच. आणि त्याला वास येईलच असं नाही, चव बदलेलच असं नाही. माझं ते बोट बुडवून चाखणं मला तेव्हा आठवलं.

सगळे वाचले. हे मी मुद्दाम लिहिते कारण गावात नंतर दोन गेले, तीन गेले असं पसरलं होतं. कोणी गेलं नाही. पण मला जे लागलं ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी मी त्या पोरीच्या आईला म्हटलं, बाई, चूक झाली माझी, तुम्ही उपाशी असाल म्हणून आणलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आम्ही खाईसनी जपेल व्हतूत. तुम्ही उठाडं म्हनीसनी खादं."

जेवून झोपली होती ती माणसं. रविवारी त्यांची खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, मिळते, बाजार झालेला, त्या रात्री त्यांच्याकडे भाकरी होती, कोणाकडे तर मासळीही होती. आठवड्यातली सगळ्यात भरल्या पोटाची रात्र ती. मी उठवलं, गावातली बाई गाडी घेऊन आली, नाही कसं म्हणायचं, म्हणून खाल्लं. मला भूक कोणाला आहे हे बघायचंच नव्हतं, मला टोप रिकामे करायचे होते.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. नणंदबाई, म्हणून उठले होते ताटावरून.

यजमानांना मी फोन केला होता. ते म्हणाले आमच्या चारशे पाहुण्यांना तर काही झालं नाही. बरोबरच आहे, पाहुणे आठ-नऊला जेवले, आणि बासुंदी तेव्हा बर्फात होती, नंतर ती बर्फातून काढून माझ्यासाठी बाहेर ठेवली. मी त्यांना दोष देत नाही. देते, थोडा देते. दवाखान्यात एकदा येऊन जायला हवं होतं त्यांनी.

त्याच वर्षी एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी नियम काढले, नोंद ठेवा, वेळ लिहा, वगैरे. नीट करणारे लोक आहेत, शहरांत त्यांच्याकडे थंड गाड्या असतात, थर्मामीटर असतं, गरम ते ६० अंशांच्या वर आणि थंड ते ५ च्या खाली ठेवतात. आमच्याकडे लोडिंग रिक्षा आणि ताडपत्री. मे महिन्यात आमच्या रिक्षातल्या टोपाचं जे होतं ते दुधाला विरजण लावल्यासारखंच होतं.

मग लोक म्हणतात, ठीक आहे, पण तुमच्या चार पोळ्यांनी तरी काय होतं, आयतं खायला घालून आळशी करताय, रेशन फुकट आहे की आता. हो, जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. माणशी महिन्याला पाच किलो. दिवसाला भागून बघा, पावणेदोनशे ग्रॅमसुद्धा होत नाही, विटा थापणारा माणूस तेवढं एका वेळेला खातो. आणि ते पाच किलो मिळवायला मशीनवर अंगठा उठावा लागतो. विटा थापून थापून ज्याच्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात त्याचा अंगठा ते मशीन घेत नाही, मी स्वतः रांगेत उभी राहून बघितलंय, बाई डोक्याला अंगठा घासते, पदराला पुसते, परत लावते, मागचे लोक ओरडतात. कार्ड कुठूनही चालतं म्हणतात, चालतंही, पण गावी राहिलेल्या सासऱ्याने त्या महिन्याचं उचललं असेल तर इथे काय मिळणार. आमच्यातल्या दोघी आता पोळ्या वाटून झाल्या की या कामासाठी तहसीलला जातात. त्याचा फोटो पेपरात येत नाही.

शिवभोजन थाळी सुरू झाली, २६ जानेवारी २०२०, दहा रुपयात दोन चपात्या, भाजी, वरण, भात, तेव्हा मला ती आवडली होती ती त्या दहा रुपयांमुळे. पैसे दिलेला माणूस वरण आंबलंय म्हणून ताट परत करू शकतो. भट्टीवरच्या एकानेही त्या रात्री मला म्हटलं नाही की बाई, भाताला तार सुटलीय. कदाचित सुटली होती. म्हणून आम्ही डब्याला दोन रुपये लावून पाहिले, आठ दिवसांत निम्मी माणसं यायची बंद झाली, परत फुकट केलं. म्हणजे यातही माझं म्हणणं धड उभं राहिलं नाही.

भूक कधी असते ते मात्र आता आम्हाला कळतं. खर्ची मिळायच्या आधीचे दोन दिवस. अवकाळी पाऊस येऊन कच्च्या विटा विरघळल्या की तो अख्खा आठवडा. तेव्हा आम्ही घरटी चारच्या सहा पोळ्या मागतो, लांब न्यायचं असेल तर दशम्या. त्या दिवशी कोणाचं लग्न नसतं आणि कोणाचा फोन येत नाही.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं, पण गेल्या वर्षीचं सांगायचं राहतंय. दुपारचं लग्न. अडीच वाजता फोन, मुलीचा मामा, समजूतदार माणूस, म्हणाला बट्ट्या आत्ता तळून काढल्यात, वाफ येतेय, तीनशे असतील, नुसत्या बट्ट्या, कोरड्या, अजून पंगतीत गेल्या नाहीत. मी नाही म्हटलं. नियम आहे. तळलेल्या बट्टीला काय होणार होतं? काही नाही, उद्यापर्यंत चांगली राहिली असती, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमागच्या नाल्याजवळून गेले तर बट्ट्यांचा ढीग, डुकरं, आणि तीन पोरं फ्रॉकच्या ओच्यात चांगल्या चांगल्या वेचून घेत होती. नाल्यातून. मी थांबले नाही तिथे.

भाचा त्या दिवसापासून माझ्याशी यावर वाद घालतो. मावशी, कोरडं घेऊ, दुपारचं घेऊ, आचाऱ्याला वेळ विचारून वहीत लिहू. मी म्हणते आज बट्टी, उद्या बट्टीबरोबर वरण, परवा रात्रीचा फोन, मला माहितीय आपण कसे सरकतो. तो म्हणतो तू घाबरलीयस. असेन.

माझा फोन लगीनसराईत रात्री दहाला बंद असतो. त्याचा चालू असतो. मागच्या आठवड्यात सकाळी त्याच्या रिक्षात ताडपत्रीखाली दोन रिकाम्या परात्या दिसल्या, तेलकट, एकीत बट्टीचा चुरा. मी त्या घासून त्याच्या दारात पालथ्या घालून आले. विचारलं नाही काही.