जक्कयाचा चौपट हिशेब

बुधवार, रात्री उशिरा

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातील घरसभांसाठी आमच्या गटाने यंदा बायबलमधील रोमकरांस पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेले पत्र, वाचायला घेतले आहे आणि आज आम्ही पाचव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत आलो. नियमशास्त्राचा (देवाने मोशेमार्फत दिलेल्या आज्ञांचा) प्रवेश झाला तो अपराध वाढावा म्हणून, परंतु जेथे पाप वाढले तेथे कृपा (न कमावता मिळणारी देवाची दया) त्याहूनही विपुल झाली, हे विसावे वचन वाचून होताच कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, “मग काका, पाप थोडं जास्त केलं तर बिघडलं कुठं? तेवढीच कृपा जास्त!” सगळे हसले, पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. खुद्द पौलाने तो पुढच्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत मांडला आहे, आणि आपण असेच शिकवतो असा आळ काही लोक आपल्यावर घेतात हे त्याने तिसऱ्या अध्यायातच सांगून ठेवले आहे. त्याचे उत्तर असे की बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य ख्रिस्ताबरोबर मेला आहे, आणि जो पापाला मेला त्याने पुढे पापातच कसे राहावे? मी हेच सांगितले, मुलाने मान डोलावली. मात्र त्या मान डोलावण्यात समाधानापेक्षा वडीलधाऱ्याचा मान राखणेच अधिक होते. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आपल्या मंडळ्यांमध्ये एक समजूत मुरलेली आहे: जुन्या करारात नियमशास्त्र, नव्या करारात कृपा, पहिले कठोर, दुसरी मवाळ, आणि दुसरी आल्यामुळे पहिल्याची मुदत संपली. रविवारच्या शाळेत आमच्याकडून दहा आज्ञा तोंडपाठ करून घेतल्या त्या “माझ्याखेरीज तुला वेगळे देव नसावेत” इथपासून. त्याच्या आधीचे वाक्य मात्र कोणी कधी विचारले नाही. निर्गमच्या विसाव्या अध्यायात देव पहिली आज्ञा देण्यापूर्वी सांगतो की, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले. तोवर तांबडा समुद्र ओलांडून झालेला आहे, रानात मान्ना खाऊन झालेला आहे, लोकांची कुरकुरही पुरेशी ऐकून झालेली आहे, आणि त्यानंतर तिसऱ्या महिन्यात सीनाय पर्वत येतो. आधी आज्ञा पाळा, मग फारोच्या हातून सोडवीन, असा करार कुठेही नाही. म्हणजे सुटका आधी आणि नियम नंतर हा क्रम मोशेच्या वेळेपासूनचा आहे; पौलाने तो नव्याने शोधून काढलेला नाही.

मग नियमाने पाप वाढते असे पौल का म्हणतो? सातव्या अध्यायात तो स्वतःचेच उदाहरण देतो, आणि दहांपैकी त्याने निवडलेली आज्ञा कोणती हे पाहण्यासारखे आहे. खून नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही. “लोभ धरू नको” ही शेवटची. पहिल्या तिन्हींना साक्षीदार असू शकतात, पंच बसवता येतात, शिक्षा देता येते; लोभाचा खटला कोणत्याही न्यायालयात उभा राहू शकत नाही, कारण तो डोळ्यांमागे घडतो. फिलिप्पैकरांस लिहिताना हाच पौल नियमशास्त्रातील नीतिमत्त्वाच्या दृष्टीने आपण निर्दोष होतो असे सांगतो, आणि मला ती फुशारकी वाटत नाही. नऊ आज्ञांपुरते ते खरेही असेल. दहावीपाशी आल्यावर मात्र त्याला कळले की आज्ञा ऐकूनच आत काहीतरी उलट जागे होते. मनाई नसती तर जिकडे लक्षही गेले नसते तिकडेच मन वळू लागते. नियम पवित्र आहे, न्याय्य आहे, चांगला आहे, असे तो त्याच अध्यायात निक्षून सांगतो. तो रोग दाखवतो, बरा करत नाही, एवढीच त्याची मर्यादा.

जुन्या अँग्लिकन उपासनेत एक रीत होती, जिची मला आज फार आठवण झाली. १५५२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकापासून प्रभुभोजनाच्या विधीच्या आरंभी पाळक दहाही आज्ञा एकेक करून वाचत आणि प्रत्येक आज्ञेनंतर मंडळी गुडघ्यांवर राहून म्हणे की, प्रभो, आमच्यावर दया कर आणि हा नियम पाळण्याकडे आमची मने वळव. त्या एका वाक्यात दोन मागण्या आहेत. पहिली झाल्या गोष्टीच्या क्षमेची आणि दुसरी पुढच्या आज्ञापालनाची, आणि दोन्हींसाठी हात देवापुढेच पसरलेले आहेत. पाळक आज्ञा वाचत असता मंडळी “होय, आम्ही पाळू” असे एकदाही म्हणत नाही. हा भाग आता बहुतेक ठिकाणी गाळला जातो, वेळ वाचतो म्हणून असेल. मला स्वतःला त्याची चुटपुट लागते.

पण त्या मुलाला मी आज सांगायला हवे होते ते रोमकरांस पत्रात नव्हे, लूककृत शुभवर्तमानात आहे. अठराव्या अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येशूकडे येऊन सार्वकालिक जीवनाची वाट विचारतो. येशू त्याला आज्ञा मोजून दाखवतो: व्यभिचार करू नको, खून करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, आईबापांचा मान राख. लोभाची आज्ञा या यादीत नाही. अधिकारी म्हणतो, हे सगळे मी बाळपणापासून पाळले आहे. तेव्हा येशू त्याला असेल नसेल ते विकून गरिबांना वाटायला सांगतो, म्हणजे गाळलेल्या दहाव्या आज्ञेवर नेमके बोट ठेवतो, आणि तो मनुष्य खिन्न होतो. श्रीमंतांचे तारण मग व्हायचे तरी कसे, असे ऐकणारे विचारतात. उत्तर मिळते की माणसांना जे अशक्य ते देवाला शक्य आहे.

लूक लगेच पुढच्या अध्यायात यरीहोमध्ये दुसरा श्रीमंत उभा करतो. जक्कय हा मुख्य जकातदार, रोमी सत्तेसाठी वसुली करणारा, आणि त्या वसुलीत स्वतःचे हात ओले करणारा. तो ठेंगणा असल्याने उंबराच्या झाडावर चढतो ही गोष्ट आपल्याकडे मुले अभिनय करून म्हणतात, त्यामुळे पुढचा तपशील मोठ्यांच्याही नजरेतून निसटतो. येशू त्याला आज्ञा मोजून दाखवत नाही, हिशेब मागत नाही, पश्चात्तापाची अट घालत नाही. आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे, एवढेच म्हणतो. लोक कुरकुरतात की हा पापी माणसाचा पाहुणचार घ्यायला गेला. आणि तेव्हा जक्कय उभा राहून म्हणतो की माझे अर्धे द्रव्य मी गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो. (हे आपण आधीपासूनच करत आलो आहोत असे तो सांगतो, असाही अर्थ काही भाष्यकार लावतात, पण आज या घराला तारण मिळाले, असे येशू त्यावर म्हणतो, तेव्हा मला जुनाच अर्थ पटतो.)

चौपट का? इथे मोशेचे नियमशास्त्र उघडावे लागते. लेवीय सहाव्या अध्यायाप्रमाणे, ज्याने दुसऱ्याचे फसवून घेतले आणि पुढे ते परत करायला काढले, त्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा मालकाला द्यायचा. जक्कय आपण होऊन पुढे आला होता, त्याला ही सवलतीची तरतूद लागू होती. शंभरावर वीस देऊन तो मोकळा होऊ शकत होता. चौपटीचा दंड निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात मेंढरू चोरून ते कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराला सांगितला आहे. एका श्रीमंताने गरिबाचे कोकरू हिसकावल्याची गोष्ट नाथान संदेष्ट्याने सांगितली तेव्हा दुसऱ्याची बायको बळकावलेल्या दाविद राजाने रागाच्या भरात त्या अनोळखी श्रीमंताला हाच चौपट दंड सुनावला होता, आणि तो श्रीमंत म्हणजे आपणच हे त्याला अजून कळायचे होते. जक्कय मात्र सारे कळून हे कलम स्वतःवर लावतो. न्यायाधीश नाही, फिर्यादी नाही, तरी तो स्वतःला चोरांच्या रांगेत उभे करतो. आज्ञा पाळणारा अधिकारी नियमाच्या शेवटच्या कलमापाशी अडखळला, आणि आज्ञा मोडणारा जकातदार नियमाने मागितले त्यापेक्षा जास्त देऊन बसला. दोघांमध्ये फरक एकच, की दुसऱ्याच्या घरी येशू आधीच उतरायला निघाला होता.

हे लिहिताना आईची आठवण होणे अपरिहार्य आहे. आमच्या एका नातेवाइकांनी, जे मंडळीत नेहमी पुढे असत, वडिलांकडून घरासाठी साठवलेली रक्कम उसनी घेतली आणि परत केली नाही. पुढे एका संजीवन सभेत त्यांनी उभे राहून साक्ष दिली की प्रभूने माझे सर्व ऋण फेडले, आता मी मोकळा आहे. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. घरी येताना आई एवढेच म्हणाली, “देवानं त्यांचं सगळं फेडलं म्हणतात. आपलं तेवढं राहिलं.” वडील काही बोलले नाहीत; रात्रीच्या प्रार्थनेत मात्र “जशी आम्ही आमच्या ऋण्यांस ऋणे सोडली” या ओळीपाशी ते नेहमीपेक्षा जरा जास्त थांबले, आणि त्यानंतर त्यांनी त्या पैशांचा विषय कधी काढला नाही. ऋण सोडण्याचा अधिकार वडिलांचा होता आणि त्यांनी तो वापरला. ते सुटले आहे असे ऋणकोने स्वतःच व्यासपीठावरून जाहीर करणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिला कृपा म्हणायला माझी जीभ आजही वळत नाही. धर्मपंडित डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३७ साली जर्मनीत जिला स्वस्त कृपा म्हटले, पश्चात्तापाची अपेक्षा न करता जिथे क्षमेचा उपदेश होतो, ती मला त्यांचे पुस्तक हाती येण्याच्या कितीतरी आधी त्या तिसऱ्या रांगेतच भेटली होती.

सकाळी फिरायला माझ्याबरोबर असणारे एक निवृत्त शिक्षक वारकरी घराण्यातले आहेत आणि त्यांचा आक्षेप नेमका इथेच असतो. क्षमा ही कल्पना त्यांना परकी नाही. पतितपावन हे विठ्ठलाचे नाव त्यांच्या रोजच्या ओठांवर आहे, आणि तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे नारायण वामन टिळक म्हणत, हेही त्यांना ठाऊक आहे. ते म्हणतात, “देवाने आणि पाप्याने आपापसात मिटवून टाकले, तर ज्याचे नुकसान झाले त्याने कुठे जायचे? करावे तसे भरावे, यात निदान त्याला न्याय तरी आहे.” मी त्यांना सांगतो की माणूस जे पेरतो त्याचेच पीक त्याला मिळेल, हे गलतीकरांस लिहिणारा पौलच आहे, कृपेचा प्रेषित. वेदीपाशी दान आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करून ये, असे डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो. यरीहोच्या ज्या माणसांकडून जास्त जकात उकळली गेली होती, त्यांच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशीची कृपा म्हणजे हातात परत आलेले रोख पैसे. नुसता वीस टक्के दंड भरून सुटलेल्या जकातदाराकडून त्यांना एवढे मिळाले नसते.

मंडळीच्या इतिहासात नियम आणि कृपा यांचा हा झगडा पुनःपुन्हा उठला. पेलाग्य हा ब्रिटनमधून रोमला आलेला कडक शिस्तीचा उपदेशक. “तू आज्ञा करतोस ते पाळण्याची शक्ती तूच दे” अशा अर्थाची उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टिनची प्रार्थना ऐकून तो चिडला, कारण त्याला वाटले की यामुळे लोक हातपाय गाळून बसतील. माणूस स्वतःच्या बळावर आज्ञा पाळू शकतो ही त्याची शिकवण ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने फेटाळली, आणि योग्यच केले. तरी त्याची काळजी मला समजते. सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक लूथर याच्या हयातीतच त्याचा सहकारी योहान आग्रिकोला हा दुसऱ्या टोकाला गेला आणि विश्वासणाऱ्यांना नियम सांगायचे कारणच नाही म्हणू लागला, तेव्हा विश्वासानेच तारण असे सांगणाऱ्या लूथरला त्याच्याविरुद्ध नियमशास्त्राची बाजू घेऊन उभे राहावे लागले. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने या प्रश्नावरची रोमन कॅथलिक बाजू ठरवली, आणि त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे, कॅथलिक व लूथरन प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मनुष्य स्वतःच्या गुणांवर नव्हे तर केवळ कृपेने स्वीकारला जातो आणि तीच कृपा त्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करते, असा तिचा आशय आहे. जक्कयाची दहा वचने वाचूनही इथवर येता आले असते, पण मग एवढे धर्मपंडित काय करणार!

एक धोका मात्र मला दिसतो. चौपट परत केले म्हणून जक्कयाचे तारण झाले असे जर मी शिकवू लागलो, तर परूश्याच्या, म्हणजे आपल्या नियमपालनाच्या जोरावर स्वतःला नीतिमान समजणाऱ्याच्या, वाटेने जाऊन तीच दुकानदारी पुन्हा उघडल्यासारखे होईल. लूकनेच तेविसाव्या अध्यायात याची तोड ठेवली आहे. वधस्तंभावरचा गुन्हेगार कोणाला काहीही परत देऊ शकत नव्हता. त्याचे हात खिळलेले होते आणि वेळ संपत आली होती. तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले. मात्र ते मागण्यापूर्वी तो आपल्या सोबत्याला काय म्हणतो ते मी आज पुन्हा काढून वाचले: आपली शिक्षा तर यथान्याय आहे, कारण आपण आपल्या कृत्यांचे योग्य फळ भोगत आहोत. सवलत मागण्याआधी त्याने नियमाचा निकाल मान्य केला होता. जक्कयाकडे घर होते, थैली होती, म्हणून त्याने चौपट मोजले. याच्याकडे नियम बरोबर होता असे म्हणण्यापुरता श्वास उरला होता, तेवढा त्याने दिला.