तुम्ही विचारलंत म्हणून: श्रिम्पसाठी टँक केवढा घ्यावा?

टेबलावरचा माझा श्रिम्पचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शोभेच्या छोट्या कोळंबीचा, टँक बघून प्रत्येकजण हेच विचारतो, की एवढेसे तर जीव आहेत, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे, मग यांना एवढा टँक कशाला, बरणीत नाही का राहणार? आणि काहीजण उलटं, दहा लिटरमध्ये किती मावतील? तर एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मावतील हो. चेरी श्रिम्प पूर्ण वाढला तरी अडीच-तीन सेंटिमीटर, घाणही माशांच्या मानाने फार कमी करतो, जागेचं म्हणाल तर दहा लिटरमध्ये वीस-पंचवीस आरामात फिरतील. पण प्रश्न जागेचा नाहीये, पाण्याचा आहे. माशाला पाणी जरा इकडचं तिकडं झालं तर तो बऱ्याचदा निभावून नेतो, श्रिम्पला तेच पाणी एका दिवसात बदललेलं चालत नाही. त्यामुळे मी लिटर मोजते ते श्रिम्पच्या मापाने नाही, माझ्या हातून होणाऱ्या चुकांच्या मापाने.

माझीच गोष्ट सांगते. पहिला टँक घेतला तो 30 बाय 20 बाय 20 सेंटिमीटरचा, म्हणजे कागदावर 12 लिटर. आता खाली 4 सेंटिमीटर माती घातली, वर 3 सेंटिमीटर रिकामं सोडलं (काठोकाठ कोण भरतं), तर पाण्याची उंची उरली 13 सेंटिमीटर. करा हिशोब, आठ लिटरसुद्धा पुरतं भरत नाही, आणि त्यात लाकूड दगड वेगळेच. हे कोणी सांगत नाही, सगळे बाहेरचं माप सांगतात.

बरं, त्या आठ लिटरमधून आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पाणी उडायचं. मी काय करायचे, नळाचं पाणी एक दिवस ठेवून क्लोरीन मारायचं औषध घालून भर टाकायचे, झालं. माझ्या नळाच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 200, सुरुवातीला टँकचाही तेवढाच. पण वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार खालीच राहतात, आणि मी दर आठवड्याला वरून आणखी क्षार घालतेय! दोन महिन्यांनी टीडीएस मीटर आणला, बुडवला, आकडा 500 च्या पुढे. मी घाबरले आणि त्याच रात्री अर्धं पाणी काढून नवीन भरलं. खरी चूक ही दुसरी होती, पहिली नाही, कारण चढताना ते हळूहळू चढलं होतं आणि श्रिम्पनी सांभाळून घेतलं होतं, उतरवलं मात्र मी तासाभरात. पुढच्या दोन दिवसांत चार गेले, आणि चारींच्या मानेमागे अंगाभोवती पांढरी रेघ, गोल, जणू कोणी दोरा बांधलाय. जुनं कवच तिथे फाटतं पण अंग सुटत नाही, कात टाकताना अडकून मरतात बिचारे. पाणी अचानक बदललं की असं होऊ शकतं हे मला नंतर कळलं.

आता हाच उद्योग मी 45 बाय 30 बाय 30 च्या, म्हणजे कागदावर 40 लिटरच्या, टँकमध्ये केला असता तर? तिथे माती वगैरे जाऊन खरं पाणी 30 लिटरच्या आसपास राहतं. तोंड मोठं म्हणून वाफ जास्त होते हे खरं, पण पाण्याची उंची 22 सेंटिमीटर, तिथून अडीच गेलं तरी फार फरक पडत नाही, दोन महिन्यांत आकडा 500 ऐवजी 380 च्या आसपास असता. आणि खाण्याचं तर विचारूच नका. रात्री चुकून श्रिम्पच्या खाद्याची एक चकती (वेफर) जास्त पडली आणि सडली, किंवा एखादी गोगलगाय कोपऱ्यात मरून पडली, तर त्यातून सुटणारा तेवढाच विषारी अमोनिया आठ लिटरमध्ये तीस लिटरच्या जवळजवळ चौपट भरतो. उन्हाळ्यात छोटा टँक तापतोही भराभर, निवतोही भराभर.

म्हणून माझं उत्तर, पहिल्यांदा करताय तर 40 लिटरवाला घ्या, अगदीच जागा नसेल तर 20, त्याखाली नको. आणि उंच नको, पसरट घ्या. श्रिम्प पोहण्यापेक्षा चरतात जास्त, दिवसभर मॉसवर (पाण्यातल्या शेवाळीवर), लाकडावर, काचेवर ती बारीक जिवाणू-शेवाळाची साय ओरबाडत असतात, त्यांना तळ आणि पृष्ठभाग हवा. दिसायला देखणे ते उंच टँक मला तरी श्रिम्पसाठी आवडत नाहीत, साफ करताना खांद्यापर्यंत हात घालावा लागतो ते वेगळंच.

लोक मग म्हणतात 100 लिटरच घेऊ ना. घ्या, श्रिम्पची काहीच तक्रार नसेल, तक्रार तुमची असेल. दहा श्रिम्प सोडले की पुढचे दोन महिने तुम्ही टॉर्च घेऊन शोधत बसाल. शिवाय एक लिटर म्हणजे एक किलो, वर काच आणि माती, टेबल झेपेल का तेही बघा.

अमानो श्रिम्प पाच सेंटिमीटरपर्यंत जातात, त्यांना 40 च्या खाली ठेवू नका आणि झाकण हवंच, चढून बाहेर पडतात. क्रिस्टल रेड जातीच्या श्रिम्पना मऊ (कमी क्षारांचं) आम्लधर्मी पाणी लागतं, ते पहिल्या टँकात नकोच.

किती सोडायचे? 40 लिटरला दहा-पंधरा चेरी बास, तेही टँक सायकल झाल्यावर, म्हणजे पाणी भरून चारेक आठवडे श्रिम्पशिवाय चालवून अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही विषारी) शून्य आल्यावर. पुढचं तेच बघतात. मादीच्या पोटाखाली वीस-तीस अंडी, तीनचार आठवड्यांत दोन मिलिमीटरची पिल्लं, अगदी आईबापांसारखीच दिसणारी, आणि हो, फिल्टर स्पंजचाच लावा नाहीतर सगळी आत ओढली जातील.

ज्यांनी आधीच छोटा घेतलाय त्यांनी फेकू नका. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी घाला, रोज थोडं, आणि पाणी बदलायचं तर एका वेळी दहा टक्केच. माझा तो 12 लिटरवाला आता फक्त मॉस वाढवायला ठेवलाय. म्हणजे ठेवला होता, मोठ्या टँकमधून मॉसचा एक गोळा टाकला त्यात पिल्लं चिकटून आली असावीत, परवा बघते तर तीन लाल ठिपके काचेवर चरतायत. आता रोज सकाळी चहाआधी त्यात अर्धा पेला आरओ ओतते.