‘धूळ’ आणि ‘धूळ गं’

रविवार, रात्री अडीच

आत्ताच हेडफोन काढून ठेवले. कानात अजून क्लिक, म्हणजे लय धरायला लावलेली टकटक, वाजतोय. आवाज घुमू नये म्हणून चौघांच्या गाद्या भिंतींना उभ्या टेकवल्यात, त्यामुळे झोपायला जागा नाही, आणि झोप येईल असंही वाटत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातल्या चार गाण्यांपैकी दुसरं आज पुरं झालं.

आम्ही रेकॉर्डिंगला रात्री बारानंतरच बसतो. दिवसा पुण्यातल्या या गल्लीत रिक्षा, शेजारचे कुकर, भंगारवाला, खिडकीतली कबुतरं असं सगळं माइकमध्ये येतं. पंखाही बंद ठेवावा लागतो.

संध्याकाळ पेटीपायी गेली. पेटी मित्राच्या आजोबांची, तिचे सूर किंचित चढे. गिटार ट्यूनरप्रमाणे अचूक लावलेली, तरी दोन्ही एकत्र वाजली की सूर थरथरायचा. पेटीचे सूर बदलायचे तर कारागीर हवा. मग ट्यूनरमधला मूळ सुराचा 440 चा आकडा एकेक करून वाढवत नेला. 444 वर थरथर थांबली. मग तबल्याचे गठ्ठे ठोकून तबलाही त्याच पेटीच्या काळी चारला, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, आणला. आजोबांच्या पेटीला आम्ही सगळ्यांनी जुळवून घेतलं, याचं मला फार बरं वाटलं.

पण आज लिहायचंय ते एका ओळीबद्दल. ‘सुटली एसटी, मागे धूळ.’ ही ओळ मी पहिल्या वर्षी लिहिली होती. गावाहून पुण्याला निघालो तेव्हा आई स्टँडवर उभी होती, आणि मागच्या काचेतून तिच्याआधी धूळच दिसत होती. कागदावर ओळ मला पक्की वाटायची. गाताना मात्र ती दर वेळी पडायची. ‘धूळ’ म्हटलं की ‘ळ’वर जीभ टाळूला लागते आणि सूर तिथेच मिटतो. पुढे केरवा तालाच्या दोन मात्रा रिकाम्या. गाणाऱ्या मैत्रिणीने ‘ऊ’ लांबवून पाहिला, तर ओरडल्यासारखं वाटलं. शब्द बदलू म्हणाली. मी अडून बसलो, कारण तिथे धूळच होती.

मागच्या आठवड्यात तिने मावळातल्या आजीला फोन लावून कच्चं रेकॉर्डिंग ऐकवलं. आजी जात्यावर गायलेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आम्ही महिनाभर ऐकत होतो. शब्द टिपून घेत होतो, चाली गुणगुणत होतो. पण ओळीओळीत येणारं ‘गं’, ‘बाई’ हे आम्ही भरीचं समजून सोडून देत होतो.

आजींनी दोनदा ऐकलं. म्हणाल्या, “अगं, धूळ म्हणून तोंड मिटलं तर दम कुठं धरशील? ‘धूळ गं’ म्हण की.”

एवढंच. मात्रा भरल्या, श्वासाला जागा झाली. पण आज गाताना आणखी काही झालं, ते मला आधी सुचलंच नव्हतं. ‘गं’ म्हटल्याबरोबर समोर कुणीतरी उभं राहिलं. तोवर ते गाणं नुसतं एसटीचं वर्णन होतं. आता ते आईशी बोलणं झालं. ओळ तीन वर्षं माझ्याकडे होती आणि ती कुणाला सांगायची, हे मला कळलं नव्हतं.

‘ध’चा फुत्कार माइकवर आदळत होता. भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून ती माइकपुढे धरली, माइक थोडा तिरका केला. अकराव्या टेकला मैत्रीण डोळे मिटून गायली. ‘धूळ’ म्हणाली, मग अगदी बारीक श्वास, मग ‘गं’. कुणी हललं नाही. शेवटचा सूर विरल्यावरही मी पाच-सहा सेकंद रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

आता स्क्रीनवर तो श्वास दिसतोय, दोन डोंगरांमधल्या सपाटीवर गवताच्या काड्या उगवाव्यात तसा. आवाज साफ करताना असे श्वास कापतात. पहिल्या गाण्यातले मी कापले होते. हा ठेवला.

उद्या ढोलकी. सकाळी गाद्या खाली काढायच्या, आणि आजींना फोन.