आमची वाटचाल: पिल्लं न विकणारं दुकान

मिरजेतल्या आमच्या दुकानात कुत्र्याचं खाद्य मिळतं, पट्टे-साखळ्या मिळतात, अंघोळ घालून केस कापून मिळतात आणि घरच्यांना लग्नकार्याला जायचं असेल तर कुत्रं सांभाळलंही जातं. फक्त कुत्रं विकत मिळत नाही. नवीन गिऱ्हाईक हे ऐकून बाहेरचा बोर्ड पुन्हा वाचून येतं आणि ठरलेला प्रश्न विचारतं, "मग पिल्लू घ्यायचं कुठून?"

मूळ दुकान वडिलांचं, पशुखाद्याचं. सरकी पेंड, गोळी पेंड, भुसा. कुत्र्यांच्या खाद्याची दोन-चार पोती कोपऱ्यात असायची. हच मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत २००३ साली पग आला आणि पुढची काही वर्षं ज्याला त्याला पगच हवा होता. आखूड नाकाचं ते कुत्रं सांगली-मिरजेच्या एप्रिलमध्ये धापा टाकत काउंटरखाली पडून राहायचं. त्या लाटेत कोपऱ्यातली पोती पुढे आली, पेंड मागे गेली.

अंघोळ आणि सांभाळणं सुरू केल्यावर बायकोने रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: कुत्रं कुठून आणलं? सुरुवातीला मला ती नसती उठाठेव वाटली. पण वर्ष उलटत गेलं तसा तो रकाना बोलू लागला. कोणाच्या कुत्र्याची कातडी सारखी खाजते, कोणतं लॅब्रॅडॉर ऐन उमेदीत मागच्या पायांत लंगडतं, कोणतं हात लावला की गुरगुरतं, याचा जातीपेक्षा पिल्लू वाढवणाऱ्याशी जास्त संबंध दिसला.

सगळ्यात जास्त नोंदी डीलरच्या. हा स्वतः काही वाढवत नाही. कुठून तरी रात्रीच्या बसने टोपलीतून पिल्लं मागवतो आणि फोनवर फोटो पाठवतो: 'डबल बोन' लॅब, 'डबल कोट' जर्मन शेफर्ड. (हाडं कुठल्याही लॅबला एकेरीच असतात.) पिल्लू जितकं लहान तितकं गोंडस दिसतं, म्हणून महिनाभराचं झालं की आईपासून तोडतात. वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एका पिंजऱ्यात येतात आणि तिथे पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची लागण होते. लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. तोवर पिल्लू तुमच्या घरी आलेलं असतं. उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाल्यावर डीलर शपथेवर सांगतो, "माझ्याकडे असताना ठणठणीत होतं." खोटं बोलत नसतो तो. आई दाखवा म्हटलं की मात्र ती नेमकी गावाला गेलेली असते.

अशा डीलरांनी पिल्लामागे कमिशन देऊ केलं होतं. ते घेतलं असतं तर दुकानाला दुसरा मजला चढला असता, असं मेहुणे अजून ऐकवतात.

दुसरे घरगुती. यांना ब्रीडर, म्हणजे पिल्लांची पैदास करणारा, म्हटलं तर रागच येतो. घरात एक मादी, 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत' अशी समजूत, ओळखीत कोणाकडे तरी नर. नरवाल्याला बदल्यात एक पिल्लू. ही पिल्लं हॉलमध्ये मिक्सरच्या आवाजात, पोराबाळांच्या पायांत वाढतात. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं-ऐकतं त्याला पुढे सहसा बिचकत नाही. आमच्याकडे राहायला येणारी सगळ्यात समजूतदार कुत्री याच घरांतली आहेत. उणीव एकच, पण मोठी: नर-मादीच्या खुब्यांचा एक्स-रे कोणी काढलेला नसतो. लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा दोष पिढीतून उतरतो.

तिसरे, कुत्र्यांच्या स्पर्धांत उतरणारे शोवाले. त्यांच्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर असतात, पिल्लाला मायक्रोचिप असते. पेपर आईबाप कोण ते सांगतो, तब्येत सांगत नाही. वंशावळीत आजोबाचं नाव दोन्ही बाजूंना दिसलं, म्हणजे नात्यातच पिल्लं घेतली असली, तर कारण विचारावं. चांगला ब्रीडर उलट तुमचीच उलटतपासणी घेतो: फ्लॅट की बंगला, दिवसभर घरी कोण असतं? गिऱ्हाइकांना ते अपमानास्पद वाटतं. मला तोच माणूस भरवशाचा वाटतो.

जत, आटपाडी, सांगोल्याकडचे कारवान ही देशी शिकारी कुत्री पाळणारे मात्र या कुठल्याच खान्यात बसत नाहीत. कान-शेपटीला झालर असलेली ती पश्मी, गुळगुळीत अंगाची ती कारवान. सीमेपलीकडे कर्नाटकात, घोरपडे संस्थानिकांच्या मुधोळात हिलाच मुधोळ म्हणतात. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. कागद एकही नसतो, पण म्हातारा माणूस मादीच्या पणजीपर्यंतचा पत्ता तोंडपाठ सांगतो. कुत्री भाकरी-दुधावर वाढलेली, अंगाने सडसडीत, आणि आई समोर दाव्याला बांधलेली. लसीचं आणि जंताच्या औषधाचं मात्र नाव नसायचं. म्हणून आम्ही एका डॉक्टरांना घेऊन त्या वस्त्यांवर जाऊ लागलो. त्यातून सुटतं काहीच नाही. खाद्याची पोती तिकडे जाऊ लागली ती नंतर.

२०१७ साली केंद्राचे श्वान-प्रजननाचे नियम आले आणि आमच्या बोलण्याला आधार मिळाला. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षात एकदाच, जन्मात पाच वेतांपर्यंतच. घरगुतीवाल्यांना वाटतं हे मोठ्या केनेलसाठी आहे. नोंदणीपत्र मागितलं की निम्मे फोन तिथेच बंद होतात.

आता गिऱ्हाइकासोबत पिल्लू बघायला जाणं हे आमचं कामच झालंय. गाडीखर्च गिऱ्हाइकाचा, ब्रीडरकडून चहा सोडून काही नाही. तिथे आम्ही आधी आईजवळ बसतो: ती जवळ येते का, सड ओढलेले आहेत का, झोपायची जागा कोरडी आहे का. मग लसीचं कार्ड: बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसेल तर तो नुसता पुठ्ठा. काही जण सगळं ऐकून घेतात आणि शेवटी स्वस्त पडतं म्हणून डीलरकडूनच आणतात. त्यांच्या कुत्र्यांनाही अंघोळ आम्हीच घालतो. ज्यांना जातीचा आग्रह नसतो त्यांना गावठी पिल्लं दत्तक देणाऱ्यांचे नंबर देतो.

बघायला जायचं ते रविवारी सकाळी. शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन करावा. पहिल्या खेपेला लहान मुलांना आणू नये; पोराने पिल्लू मांडीवर घेतलं की आईचे सड बघायला कोणी थांबत नाही.